हळद लागलेला एकतीस

आमच्या घरात दोन गोष्टी तपासून घेतल्याशिवाय कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवत नसे. एक आईची भांडी, दुसरी दादांकडे येणारी पिस्तुलं. आईच्या प्रत्येक तांब्यावर, डब्यावर, अगदी चमच्याच्या दांड्यावरसुद्धा नाव घातलेलं असे. कुणी दिलं, कशाला दिलं, सगळं. हळदीकुंकवाला किंवा बारशाला भांडी इकडची तिकडं झाली की आई आठवडाभर गल्लीत झाकणं शोधत हिंडायची. एकदा आमच्या लाडवाच्या डब्यावर शेजारच्या काकूंचं झाकण येऊन बसलं, आणि ते आमच्या झाकणापेक्षा घट्ट बसत होतं. तरी आईला चैन पडेना. आटपाडीकडची होती ती, शब्द तोलत नसे. "धड आपलं आन् मुंडकं काकूंचं. ह्यातला लाडू घशाखाली कसा उतरायचा?" दादा हसायचे आणि म्हणायचे, "माझाबी धंदा ह्योच हाय की गं. फक्त माझ्या डब्यातनं गोळी सुटती."

दादा म्हणजे माझे वडील. फौजेत आर्मरर होते. पलटणीची हत्यारं दुरुस्त करायची, जुळवायची, मोडलेली मोडीत काढायची हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर साताऱ्यात त्यांनी परवाना काढून बंदूक दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं. दुरुस्ती दुकानात चाले, पण जुन्या पिस्तुलाची पारख करायची असली की दादा ते घरी आणत, कारण दुकानात उजेड नव्हता आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी बारा ते दोन असा उजेड पडे की तांदळातला खडा दुरून दिसावा. ओट्याखाली चटई, चटईवर परात, परातीत जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं, फडक्यावर पिस्तूल. एका बाजूला आई भाकऱ्या थापतेय, दुसऱ्या बाजूला दादा कुणाच्या तरी आजोबांनी लढाईवरून आणलेलं पिस्तूल सुटं करताहेत. भाकरीची थापथाप आणि लोखंडाची टिकटिक मी इतकी एकत्र ऐकलीय, की आजही कुठं भाकरी थापताना ऐकली तर पुढची टिकटिक येईपर्यंत मी श्वास धरून बसते. माझ्या घरात ती येत नाही, कारण मी पोळ्या करते. त्याही जेमतेम गोल.

आमच्या भागातली कितीतरी गावं फौजेत गेलेली. मोठ्या लढाईहून परत आलेल्यांपैकी काहींनी परदेशी पिस्तुलं आणली होती. त्यातली जर्मन बनावटीची दादांना फार आवडत. दिसायला देखणी, मूठ तिरकी, आणि वरचा सांधा माणसाच्या गुडघ्यासारखा वाकणारा. त्यांची खोड अशी, की पिस्तुलाचा पूर्ण नंबर सांगाड्यावर असे आणि त्याचे शेवटचे दोन आकडे आतल्या बारीकसारीक भागांवरही ठोकलेले असत. नळीवर, चापावर, खिळ्याएवढ्या तुकड्यांवरसुद्धा. सगळीकडे तोच आकडा निघाला तर पिस्तूल जसं कारखान्यातून बाहेर पडलं तसंच आहे, त्याला मोल. आकडे वेगळे निघाले तर कुठंतरी, कधीतरी, दोन मोडून एक केलेलं. त्याचं मोल निम्म्यावर. कुणी कानस मारून आकडा घासलाय का, नवा ठोकलाय का, हेही दादा भिंगातून ओळखत. खऱ्या आकड्याच्या कडा झिजून मऊ होतात म्हणत, नव्या बोचतात.

दादांची जवळची नजर गेली तेव्हापासून आकडे वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सतरा वर्षांची होते, बारावीला होते आणि स्वतःला अर्धी इंजिनियर समजत होते. (पुढे मी मराठी घेऊन बी. ए. झाले, ते असो.) दादांचा एकच नियम होता: मालक समोर असताना आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. पाटीवर लिहायचा आणि पाटी दादांकडे सरकवायची. "का?" म्हणून मी विचारलं होतं. ते म्हणाले, "डाक्तर एक्स-रे बघतो, तवा मोठ्यांदा वाचतो का? आधी आपन बघायचं, मग काय सांगायचं त्ये ठरवायचं."

त्या श्रावणात एका दुपारी औंधच्या पलीकडच्या गावातून एक म्हातारी बाई आल्या. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत परवान्याचा कागद आणि टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल. त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, जाऊन वर्ष होत आलं होतं. सुभेदार होते ते, इटलीत लढलेले. परवाना आता बाईंच्या नावावर झाला होता, पण त्यांना पिस्तूल विकायचं होतं. सांगलीकडचे एक आप्पा ते घ्यायला तयार होते. फक्त सगळे भाग एकाच पिस्तुलाचे आहेत की नाहीत, याची दादांच्या हातची चिठ्ठी त्यांना हवी होती. गाव त्यांना सुभेदारीणबाई म्हणे. आईनं त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायला नाही. बशीतला चहा गार होऊन त्यावर साय धरली.

"मावशी, घाई न्हाई ना?" दादा म्हणाले.

"घाईच हाय, बाबा. ह्ये घरातनं गेलं म्हंजे त्योबी जाईल."

"कोण?"

बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितलं. मग त्या बोलल्या ते अगदी साध्या आवाजात, जणू म्हैस आटल्याचं सांगत असाव्यात. सुभेदार शेवटचं वर्षभर अंथरुणाला होते. दुपारी, ऊन डोक्यावर आलं की ते दाराकडे बोट करायचे आणि म्हणायचे, एकतीस आलाय, उभा हाय, त्याला पाणी दे. बाईंना वाटलं, पलटणीतला कुणी जोडीदार असेल, त्याचा नंबर असेल. त्यांनी रोज उंबऱ्यावर तांब्या ठेवायला सुरुवात केली. सुभेदार गेले, तरी ठेवत राहिल्या.

"पानी कमी हुतंय का?" आईनं विचारलं. असले प्रश्न आई बेधडक विचारत असे.

"ऊन हाय की गं. कमी हुनारच," बाई म्हणाल्या. "पर मला पायरव ऐकू येतुया. आन् मालकांचा खोकला. दोगं संगंच येत्यात."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली. आमच्या घरात भाकरी करपण्याचा तो मला आठवणारा एकमेव प्रसंग. दादांनी पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघितलं आणि सुटं करायला घेतलं. बाहेरच्या सगळ्या आकड्यांत हळद भरली होती. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात तशी बाई त्याची पूजा करत, त्यामुळं वर्षानुवर्षांची हळद आकड्यांच्या खाचांत बसून अठ्ठावन्न पिवळा धमक दिसत होता. मी पाटीवर लिहीत गेले. नळी अठ्ठावन्न. सांगाडा अठ्ठावन्न. चाप अठ्ठावन्न. दादा समाधानानं मान डोलवत होते. मग त्यांनी आतला ठोकळा काढला आणि त्यातली पिन काढली, गोळीच्या बुडावर आपटते ती. तिच्यामुळंच गोळी सुटते. मी ती उजेडात धरली.

तो आकडा वाचला आणि माझं इंजिनियर डोकं आनंदानं उसळलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं. नियम, पाटी, बाईंचं आत्ताच ऐकलेलं बोलणं, काहीच आठवलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "दादा, इथं एकतीस आहे!"

आपण मूर्ख आहोत हे माणसाला एरवी हळूहळू कळतं. मला ते त्या एका क्षणात, सगळं एकदम कळलं.

सुभेदारीणबाई उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पिनेकडे बघत राहिल्या. दादांनी माझ्या हातातून पिन घेतली, ठोकळा उलटा केला. तिथंही एकतीस. आणि मग मला ते दिसलं, दादांनाही दिसलं असणार, कारण त्यांचा अंगठा तिथं थांबला. आतल्या एकतीसमध्येसुद्धा हळद होती. पिस्तूल सुटं केल्याशिवाय तिथं बोट पोचत नाही, आणि बाईंना ते सुटं करता येत नव्हतं. दर खंडेनवमीला, बाईंनी बाहेरून हळद लावण्याआधी, सुभेदार कुठंतरी आत बसून ते उघडत असले पाहिजेत आणि त्या आकड्याला बोटानं हळद लावून परत बंद करत असले पाहिजेत.

"म्हंजे मानसं दोन व्हती," बाई म्हणाल्या. "मालक मला एकच सांगायचे. एक जर्मन हात वर करून आला, त्यानं हुबं ऱ्हाऊन दिलं म्हनायचे. मारलं न्हाई म्हनायचे." त्यांनी दादांकडे बघितलं. "बाबा, तू फौजेतला हाईस. ह्या दुसऱ्याला मारला का त्यांनी? तेवढं सांग. चिठ्ठी न्हाई दिलीस तरी चालंल."

आता मागं वळून बघताना वाटतं, त्या प्रश्नाला नाही म्हणायला असा कितीसा वेळ लागला असता? दोन अक्षरं. दादांनी पिन फडक्यावर ठेवली. "मावशी, दोन मोडून एक करायचं काम कुनीबी केलं असंल. त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच फौजेत, लढाईच्या आधी सुदिक. किंवा तुमच्या मालकांनी. रोज साफ करताना त्यो आकडा त्यांच्या नजरंला पडत असंल, आन् मनात घर करून बसला असंल. मला म्हाईत न्हाई. कुनी कुनाला मारलं, त्ये ह्या लोखंडावर लिवलेलं नसतं."

बाईंनी "बरं" म्हटलं. दादांनी चिठ्ठी लिहिली: पिन व ठोकळा वेगळ्या पिस्तुलाचे, बाकी भाग जुळणारे. बाई म्हणाल्या, आता ते परत घरात नको. म्हणून दादांनी पिस्तूल रीतसर दुकानाच्या नोंदवहीत चढवून ठेवून घेतलं, आणि मला म्हणाले, मावशींना स्टँडवर सोडून ये.

स्टँडवर औंधची गाडी लागायची होती. शेंगावाला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याच्या घुंगरांचा आवाज. बाई बाकावर बसल्या होत्या आणि मला एकच दिसत होतं, की आता त्या घरी जाणार, दार उघडणार, उद्या दुपारी तांब्या भरणार आणि या वेळी त्यांना माहीत असणार तो कोण आहे. माझ्यामुळं. पाटी सरकवली असती तर दादांनी हे बाईंपर्यंत पोचूच दिलं नसतं. गाडी लागली. बाई पायरीवर चढल्या आणि मी खालून त्यांचा हात धरून म्हणाले, "आजी, दादांनी मला मागनं सांगितलं. ते कारखान्यातच तसं जोडलेलं होतं. नक्की. तुमच्या मालकांनी कुणाला मारलं नाही."

"त्ये म्हनले असं?"

"हो. तुमच्यासमोर बोलायला संकोचले."

त्या म्हातारीचा चेहरा मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. गाडी सुटेपर्यंत त्या खिडकीतून माझ्याकडे बघून हसत होत्या. मी घरी आले ती जवळजवळ तरंगत. खोटं बोलल्यावर इतकं बरं वाटतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी दादांशी भांडलेसुद्धा. एक नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, तुमच्या लोखंडाला काय पडलंय, वगैरे. दादा परात पुसत होते. मग म्हणाले, "नंदे, वर्कशॉपमदी मोडलेली हत्यारं ढिगानं यायची. कुनाची नळी गेलेली, कुनाची मूठ. मी चांगलं चांगलं काढायचो आन् एक जुळवायचो. दिवसाला चार-चार. कुनाच्या हातातनं पडलेलं हाय, त्ये कुनी सांगत नसे, मीबी इचारत नसे. आता मला कुनी येऊन म्हनलं, तुज्या जोडलेल्यात कोण कोण हाय, तर मी काय सांगू? मी न्हाई म्हनाया तिथं हुतो का?" पिस्तूल जोडून झालं की दादा त्याला कान लावत. त्या दिवसाआधी मला वाटे, ते खटका नीट वाजतो का हे ऐकायला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पिस्तूल घेऊन सांगलीला आप्पांकडे गेलो. आप्पा जैन शेतकरी, द्राक्षाचे बागायतदार, स्वभावानं इतके मऊ की पाटातली मुंगी पानावर उचलून बाहेर ठेवत. त्यांच्या कपाटात आधीच दोन पिस्तुलं होती. मी न राहवून विचारलं, आप्पा, तुम्ही आणि हे? ते हसले. "माझ्या कपाटात आली की कुनाला लागत न्हाईत की ओ! बाहेर ऱ्हायली तर सांगता येतंय का?" घेतलेल्या प्रत्येक पिस्तुलाची पिन ते दादांकडून काढून घेत. दादांनी त्यांच्यापुढं चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, ह्यात भाग दोघांचे आहेत, मोल कमी होईल. आप्पांनी पिस्तूल हातात घेतलं, हळद बघितली. "दोगं हायत व्हय ह्यात? नांदू द्या की मग." मोल त्यांनी कमी केलं नाही. पिन मात्र नेहमीसारखी काढायला लावली, आणि ती कागदाच्या पुडीत बांधून दादांच्या खिशात आली. घरी आल्यावर तीही वहीत चढली.

दसरा झाला. त्यानंतर आठवड्याभरानं, ऐन दुपारी, सुभेदारीणबाई परत दारात. आईच्या हातात पीठ होतं, दादा जेवत होते. बाई आत आल्या नाहीत, उंबऱ्यापाशीच बसल्या. दोन महिन्यांत त्या अर्ध्या झाल्या होत्या.

"औंदा खंडेनवमीला पुजायला काय नव्हतं," त्या म्हणाल्या. "इळा पुजला." मग दादांना म्हणाल्या, "बाबा, तुझं ऐकलं मी. तू ह्या पोरीजवळ म्हनलास ना, मालकांनी मारलं न्हाई, त्ये कारखान्यातलं हाय? मी पानी बंद केलं. म्हनलं, मग त्यो आपला कोण लागतुया? दोन-चार दिस पायरव आला. मग थांबला."

"मग बरं झालं की, मावशी," आई म्हणाली.

"काय बरं? त्यो गेला आन् त्याच्या संगं मालकबी गेलं. खोकला येत न्हाई. काय येत न्हाई. घर नुसतं घर हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू खरं म्हनला व्हतास ना, बाबा?"

मी कोपऱ्यात पाण्याचा हंडा धरून उभी होते. दादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. राग माणूस विसरतो. आकडा बघायचे तसं बघितलं त्यांनी, भिंगाशिवाय, थोडं लांब धरून. मग ताटावरून हात काढला आणि म्हणाले, "व्हय मावशी. मीच म्हनलं व्हतं. पर माझी चूक झाली. ठाम सांगायचं नव्हतं. मला म्हाईत न्हाई."

माझ्या माहितीत दादा आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले. त्यातलंही निम्मं खरं होतं.

बाई जणू त्याचसाठी आल्या होत्या. त्यांच्या खांद्यातलं काहीतरी सैल झालं. "म्हंजे मारला असंल," त्या म्हणाल्या.

"असंल. नसंलबी."

"मग त्यो आमचाच हाय. माझा एकतीस मला परत दे."

दादा उठले, हात धुतले, दुकानात गेले आणि पुडी घेऊन आले. चालती पिन कुणाच्या हाती द्यायची नसते. म्हणून त्यांनी बाईंसमोर ती पाट्याला टेकवून कानस मारली. टोक घासत घासत पार सपाट केलं, तिच्यातलं आपटायचं बळ संपेपर्यंत. आई थापायची थांबली होती, घरात फक्त कानशीचा आवाज होता. आकड्याच्या बाजूला कानस कुठंही लागू दिली नाही. मग "आता ह्ये नुसतं लोखंड हाय" म्हणून वहीत तशी नोंद केली आणि ते पिवळं पडलेलं करंगळीएवढं लोखंड बाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधलं. तान्ह्या पोराची टाळू झाकावी तशी वरून एकदा हात फिरवला. या वेळी त्यांनी चहा घेतला, सगळा. त्यांना स्टँडवर सोडायला दादा स्वतः गेले.

परत आले तेव्हा मी रडून घेतलं होतं आणि मार खायची किंवा बोलणी खायची तयारी करून बसले होते. त्यांतलं काहीच झालं नाही. दादा चटईवर बसले, खिडकीतला उजेड सरकलेला बघत राहिले. मग म्हणाले, "नंदे, उद्यापासनं दुपारचा एक तांब्या भरून दारात ठेवत जा." कुणासाठी, ते सांगितलं नाही. वर्कशॉपमधली त्यांची दिवसाला चार-चार मला आठवली आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी पारखीची चिठ्ठी कुणाला लिहून दिली नाही. लोक विचारत, तर नजर गेली म्हणत.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाचा मोबाईलवर कुठल्या तरी जुन्या पिस्तुलाचे फोटो पाठवतो, मावशी, ह्याचे आकडे जुळतात का? मी चष्मा लावून बघते, आणि उत्तर लिहिताना बोट थांबतं. आईचा तो तांब्या माझ्याकडे आहे, नाव घातलेला, बुडाला पोचा आलेला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. रोज बारा वाजता मी तांब्या भरून दाराबाहेर ठेवते. शेजारची सून परवा म्हणाली, "काकू, चिमण्यांसाठी ठेवता का? किती छान!" मी हो म्हटलं. आमच्या जिन्यात चिमणी कधी आल्याचं मी पाहिलेलं नाही.